इर्शाळवाडी : दरड रात्री आली, उशीर कधीच झाला होता

रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली ती 19 जुलै 2023 च्या रात्री, साडेदहा ते अकराच्या दरम्यान. सरकारी टिपणात घटनाक्रम तिथून सुरू होतो आणि बचावपथकं कधी पोचली, मंत्री कधी पोचले, मृतांचा आकडा कसा वाढत गेला, या नोंदींनी पुढे सरकतो. त्या नोंदी खऱ्याच आहेत. पण सव्वादोनशे माणसं त्या रात्री त्या उतारावर का झोपली होती, खाली का नव्हती, याचं उत्तर त्यात सापडत नाही. म्हणून मी हा घटनाक्रम बराच मागून मांडतो आहे.

शंभराहून अधिक वर्षं आधी

रायगड जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. डोंगरउतारावर राब जाळून नाचणी-वरी पिकवणारे ठाकूर आणि कातकरी इंग्रजांना जंगलाचे वैरी वाटत. 1878 चा वन कायदा आला, राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या फिरती शेती करणारी माणसं स्वतःच्याच डोंगरात उपरी झाली. त्यांना पूर्ण हुसकावणंही सरकारला परवडणारं नव्हतं, कारण जंगलाच्या कामाला मजूर तेच होते. मग मधला मार्ग म्हणून काही ठिकाणी जंगलातले तुकडे त्यांना कसायला लावून दिले. याच त्या दळी जमिनी. माणगाव, रोहा, पेण, सुधागड, कुठल्याही तालुक्यातल्या आदिवासी वाडीवर म्हाताऱ्या माणसापाशी बसा, दळीचा विषय निघतोच. दळीवर राबायचं, सरकारला पैसे भरायचे, मालकी मात्र मिळायची नाही. सातबाऱ्यावर नाव वनखात्याचं आणि पायाखालची माती आपली, ही अवस्था तेव्हापासूनची आहे.

53 वर्षं आधी

1970 साली राज्य सरकारनं दळी जमिनी कसणाऱ्यांच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगला होता. पण महसूल खातं म्हणे, आधी वनखात्यानं जमीन सोडावी. वनखातं म्हणे, आधी मोजणी व्हावी. मोजणीला माणूस नसे. 1980 मध्ये केंद्राचा वनसंवर्धन कायदा आला, आणि जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर दिल्लीची परवानगी लागू लागली. 1970 चा निर्णय अनेक वाड्यांसाठी कागदावरच राहिला.

या गोष्टीवर माणगावातून मोठं काम झालं आहे. उल्का महाजन यांच्या सर्वहारा जन आंदोलनानं इथूनच दक्षिण रायगडातल्या आदिवासींच्या दळी, घरांच्या जागा आणि जंगलहक्क यांसाठी मोर्चे काढले, दावे भरून घेतले, तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. पुढे दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी माणगाव, रोहा, तळा तालुक्यांतल्या जमिनींवर डोळा गेला, तेव्हा ज्याच्याकडे सातबारा होता त्याला निदान हरकत घेता आली. ज्याचं घर दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, त्याला हरकतही घेता येत नाही. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या आजही खाजगी मालकाच्या नाहीतर वनखात्याच्या जमिनीवर आहेत. मालकानं एके दिवशी कुंपण घातलं की पाण्याची वाटसुद्धा बंद.

15 वर्षं 6 महिने आधी

1 जानेवारी 2008 पासून वनहक्क कायद्याचे नियम लागू झाले. कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जी वनजमीन ताब्यात आहे, जिच्यावर घर आहे, शेती आहे, तिचा हक्क मागायचा. ग्रामसभेनं वनहक्क समिती नेमायची, तिनं जागेवर जाऊन पडताळणी करायची, मग दावा उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. कलम 3(1)(g) मध्ये सरकारनं पूर्वी दिलेल्या पट्ट्यांचं आणि अनुदानांचं रीतसर मालकीत रूपांतर करण्याची तरतूद आहे. दळीवाल्यांनी वर्षानुवर्षं जे मागितलं ते त्यात बसतं. कलम 4(5) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही.

आणि कलम 3(2). हे कलम गावोगावी फळ्यावर लिहून ठेवावं इतकं मोलाचं आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, विजेच्या तारा, रस्ता अशा 13 सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवरून स्थानिक पातळीवरच देता येते. अट एवढीच की हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत. दिल्लीला फाईल पाठवायची गरज नाही. 19 जुलै 2023 रोजी इर्शाळवाडीला गाडी जाईल असा रस्ता नव्हता. पायथ्यापासून तासा-दीड तासाची चढण होती. आजारी माणसाला डोलीत घालून उतरवायचं आणि किराण्याची पिशवी पाठीवर घेऊन चढायचं.

इथे थोडं लांबचं सांगतो, कारण राज्य सरकार आदिवासींच्या दाव्यामागे उभं राहिलं तर काय होतं आणि विरुद्ध उभं राहिलं तर काय होतं, याचा स्वच्छ दाखला तिथे आहे. अमेरिकेतल्या चेरोकी लोकांच्या जमिनीवर जॉर्जिया राज्यानं एकोणिसाव्या शतकात आपले कायदे लादले. 1832 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं वूस्टर विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात निकाल चेरोकींच्या बाजूनं दिला. जॉर्जियानं तो जुमानला नाही. 1835 च्या अखेरीस काही मोजक्या माणसांच्या सह्या घेऊन न्यू एकोटाचा करार झाला, चेरोकींच्या मोठ्या बहुमतानं तो नाकारला, तरी 1838 च्या मे महिन्यात सैनिक घराघरांत शिरले आणि माणसांना छावण्यांत कोंडलं. पुढच्या हालअपेष्टांत सुमारे 4,000 माणसं गेली असा अंदाज आहे. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात मात्र डोंगरातले काही चेरोकी टिकून राहिले. विल्यम हॉलंड थॉमस नावाच्या गोऱ्या व्यापाऱ्यानं त्यांच्यासाठी जमीन विकत घेऊन स्वतःच्या नावावर ठेवली होती, कारण त्यांना आपल्या नावावर ठेवता येत नव्हती. 1866 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळानं त्यांचा तिथे कायम राहण्याचा हक्क मान्य केला आणि 1889 मध्ये त्यांना कायदेशीर संस्था म्हणून सनद दिली. त्यांचे वंशज आजही त्याच डोंगरात आहेत. न्यायालयाचा निकाल हाती असलेले हुसकावले गेले आणि ज्यांच्या दाव्याला राज्यानं उशिरा का होईना हात दिला ते राहिले. कायदा दिल्लीत होतो, पण माणूस जागेवर राहणार की नाही हे तालुक्याच्या कचेरीत ठरतं, ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे.

2 वर्षं आधी

22 जुलै 2021. महाड तालुक्यातलं तळीये. दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याआधी 2005 च्या जुलैत याच महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण. मध्ये 2014 साली पुणे जिल्ह्यात माळीण, तेही आदिवासी गाव, 151 मृत्यू. प्रत्येक वेळी पाहण्या झाल्या, दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या. इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती. दुर्घटनेनंतर तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत हे स्वतः सांगितलं.

यादीत नाव नसणं म्हणजे धोका नसणं, असा अर्थ प्रशासनात हळूहळू मुरला आहे. सह्याद्रीचा काळा पत्थर घट्ट दिसतो, पण त्याच्या थरांच्या मध्ये मऊ, कुजलेला थर असतो आणि वर उतारभर मुरमाड मातीची जाड गोधडी. दोन-तीन दिवस सलग पाऊस झाला की पाणी आत साठतं, माती फुगते, खालच्या कातळावरची तिची पकड सुटते. झाडझाडोरा कमी असेल तर आणखी लवकर. सुळक्याच्या पोटाशी असलेल्या कुठल्याही वाडीला हे लागू पडतं.

दरडीआधीचे पावसाळे

वाचलेल्या गावकऱ्यांनी दुर्घटनेनंतर पत्रकारांना जे सांगितलं, त्यातला एक भाग मला सगळ्यात जड जातो. पावसाळ्यात वर राहायची भीती वाटते म्हणून काही कुटुंबांनी खाली तात्पुरत्या झोपड्या घातल्या होत्या आणि वनखात्यानं त्या काढून टाकल्या, असं ते सांगत होते. खाली जागा द्या ही त्यांची मागणीही जुनी होती.

खात्याच्या बाजूनं पाहिलं तर वनहद्दीत नवी झोपडी म्हणजे अतिक्रमण. वनरक्षक त्याचं काम करतो. कायदाही इथे माणसाला अडकवतो. 2005 पूर्वी तुम्ही जिथे होतात तिथलाच हक्क मिळतो. जीव वाचवायला अर्धा डोंगर खाली सरकलात की तुम्ही नवे अतिक्रमक. वर राहिलात तर डोंगर डोक्यावर, खाली आलात तर खातं दारात. ही कोंडी फोडायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे होता आणि आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 122 खाली गावठाणाची हद्द ठरवता येते, वाढवता येते. जमीन शोधून वाडीला द्यायची, तिला गावठाण म्हणायचं. माळीण, तळीये, इर्शाळवाडी, सगळीकडे नंतर हेच करावं लागलं.

19 जुलै, दिवसभर

बुधवार. सोमवारी दिव्यांची अवस झाली होती आणि अधिक श्रावण लागला होता. रायगडला हवामान खात्याचा रेड अलर्ट होता. सावित्री आणि पाताळगंगा या नद्यांनी धोक्याची पातळी ओलांडली, कुंडलिका आणि अंबा इशाऱ्याच्या पातळीवर होत्या. आमच्या माणगावची काळ नदी सावित्रीलाच मिळते, त्यामुळे महाडला पाणी चढलं की इकडचे लोकही रात्री नीट झोपत नाहीत. दिवसभर सगळ्यांचं लक्ष नद्यांवर होतं. महाड, रसायनी, नागोठणे, रोहा. पाणी मोजायला पट्टी असते, धोक्याची रेघ असते. डोंगरात मुरलेलं पाणी दाखवणारी पट्टी इर्शाळवाडीवर नव्हती. विधानसभेत नंतर सांगितलेल्या आकड्यानुसार त्या भागात तीन दिवसांत 499 मिलिमीटर पाऊस झाला होता.

इर्शाळगड खालापूर तालुक्यात, चौकच्या वर. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरून जाताना त्याचा सुळका दिसतो. पायथ्याशी मोरबे धरण, त्याचं पाणी नवी मुंबईच्या नळांना जातं. गड चढणारे गिर्यारोहक या वाडीतच भाकरी-पिठलं जेवत. ठाकूर समाजाची 48 घरं, 228 माणसं.

19 जुलै, संध्याकाळ ते रात्री 10

चंद्रकोर लवकर मावळलेली. पाऊस चालू. जेवणं आटपून लोक घरात. थोडे तरुण वाडीच्या कडेला असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मोबाइलवर खेळत बसले होते. ते वाचले आणि पहिली हाकाटी त्यांनीच केली, असं नंतरच्या बातम्यांतून समोर आलं. या तासांत कुणी काही करू शकलं असतं का? वाडीतली माणसं रात्री अंधारात, पावसात, निसरड्या वाटेनं लेकराबाळांना घेऊन दीड तास उतरली असती तर खाली थांबणार कुठे होती? जागा नव्हती. रस्ता असता तर संध्याकाळी एखादी जीप वर गेली असती. तलाठ्याला वाडी रिकामी करण्याचा आदेश देता आला असता. त्यासाठी आधी वाडी यादीत असायला हवी होती. प्रत्येक दार आधीच्या एका बंद दाराशी जाऊन अडतं.

रात्री 10:30 ते 11

दरड आली.

11:30

प्रशासनाला खबर मिळाली. मध्यरात्रीच्या सुमारास यंत्रणा पायथ्याशी जमू लागली. सुरुवातीच्या माहितीत 48 पैकी किमान 17 घरं पूर्ण किंवा अर्धी गाडली गेल्याचं सांगितलं गेलं.

20 जुलै, पहाट

चढण सुरू झाली. वर जेसीबी जाऊ शकत नव्हता. कुदळ, फावडं, घमेली आणि हात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, खोपोलीचे यशवंती हायकर्ससारखे डोंगर ओळखणारे गिर्यारोहक, आसपासच्या गावांतले लोक. पाऊस थांबला नव्हता आणि पुन्हा दरड येण्याची भीती होती. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक अधिकारी मदतीला निघाला आणि चढणीवरच हृदयविकारानं गेला. मंत्री गिरीश महाजन रात्रीच तिथे पोचले होते.

ही चढण मी मुद्दाम पुन्हा सांगतो. वाडीतल्या गरोदर बाईनं, तापानं फणफणलेल्या पोरानं, म्हाताऱ्यानं ती वर्षानुवर्षं चढली-उतरली होती. एका रात्रीत तिची नोंद सगळ्या राज्यानं घेतली, कारण त्या रात्री ती सरकारला चढावी लागली.

20 जुलै, सकाळ आणि दुपार

तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे सकाळी आले आणि नंतर पावसात स्वतः वर गेले. हेलिकॉप्टरं मुंबईत तयार ठेवली होती, हवा उघडली नाही म्हणून उडाली नाहीत. मृतांच्या वारसांना 5 लाख रुपये जाहीर झाले. पायथ्याला मदतीच्या गाड्यांची रांग लागली.

20 ते 23 जुलै

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत 16 मृतदेह. 21 तारखेला आकडा 22. 22 तारखेला 27. मातीचे ढिगारे ठिकठिकाणी पंधरा-वीस फूट जाड. 23 तारखेला शोध थांबवला. सापडले नाहीत असे 57 जण. त्यांच्या घरच्यांनी जागा स्मशान मानावी आणि पुढे जावं, असाच त्याचा अर्थ. 228 मधले 144 उरले. काही मुलं आईबापाविना.

त्यानंतर

वाचलेली कुटुंबं चौकजवळ कंटेनरच्या घरांत आली. वर्ष उलटलं तरी तिथेच होती. पत्र्याचा डबा, उन्हाळ्यात भट्टी. सिडकोनं पायथ्याशी नानिवलीत चाळीसहून अधिक पक्की घरं बांधायला घेतली. जमीन सापडली, मोजणी झाली, खात्यांचं एकमेकांशी जमलं, रस्ता झाला, वीज आली, पाण्याची टाकी आली. सरकारला हे येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. ते येत होतं. डोंगर कोसळण्याआधी ते केलं नाही, एवढंच.

काही लोक म्हणतात, आदिवासींनी धोक्याच्या जागी राहूच नये, हट्ट सोडावा. माझं उत्तर सरळ आहे. ज्याला खाली जागेचा कागद नाही, त्याला वर राहण्याबद्दल बोल लावायचा अधिकार कुणाला नाही. इर्शाळवाडीची माणसं डोंगराच्या मोहानं तिथे राहिली असतील, पिढ्यांच्या सवयीनं राहिली असतील, पण खाली यायचं म्हटल्यावर त्यांच्या झोपड्या काढून टाकल्या गेल्या असतील तर तो प्रश्न मोहाचा उरत नाही. वनजमिनीचा हक्क, गावठाणाची नोंद, वाडीचा रस्ता या तीन गोष्टी आपण विकासाच्या खात्यात टाकतो आणि दरडीला आपत्तीच्या खात्यात. इर्शाळवाडीनं दाखवलं की ही एकच फाईल आहे. ज्या वाडीचा दावा निकाली निघाला, तिला रस्ता मिळतो, तिची यादीत नोंद होते, तिला रेड अलर्टच्या दिवशी खाली आणता येतं, तिच्यासाठी खाली जागा राखता येते.

माणगाव तालुक्यातल्या आणि रायगडातल्या वाचकांना म्हणून एक मागणं आहे. 1 मे ला ग्रामसभा होते, पावसाला त्यानंतर महिनाभर उरतो. त्या ग्रामसभेत उभं राहून चार गोष्टी विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. आपल्या हद्दीतली कुठली आदिवासी वाडी गावठाणात नोंदलेली नाही? किती वनहक्क दावे प्रलंबित आहेत आणि कुठल्या समितीकडे? कलम 3(2) खाली रस्त्याचा प्रस्ताव कधी गेला? रेड अलर्ट आला तर त्या वाडीतली माणसं कुठे झोपतील, त्या शाळेची किल्ली कुणाकडे असेल? वाडीतल्या माणसांना ग्रामसभेला बोलवा, त्यांना आधी बोलू द्या. उत्तर मिळालं नाही तर प्रांताच्या कचेरीत त्यांच्यासोबत जा.